आर्द्रातले बंद पंखे

मृग, ११ जून

चि. रचना हिला आप्पाचा आशीर्वाद. घ्यायचा असला तर घे, नसला तर पाकिटातच राहू दे.

फोन तू आईचा उचलतेस, माझा उचलत नाहीस. तुझी आई फोन घेऊन न्हाणीच्या मागं जाते आणि हळू आवाजात बोलते, जसा काय मी या घरात भाड्यानं राहतो. म्हणून पत्र. पत्र मधेच कट करता येत नाही. फाडता येतं, पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच. मास्तरांनी घरी पाठवलेल्या चिठ्ठ्या मी अशाच फाडल्या आहेत, मला अनुभव आहे.

मृग कोरडा चालला आहे. पंचांगानं नक्षत्राचं वाहन बेडूक दिलं होतं, म्हणजे भरपूर पाऊस, त्याच्यावर विसंबून अर्ध्या गावानं भुईमुगाच्या शेंगा टोकल्या. राधानगरीच्या अंगानं ढग काळे होऊन येतात, आमच्या माळापर्यंत येतात आणि तिथून दोन्हीकडं पांगतात. माळावर तुझ्या कंपनीच्या पवनचक्क्या फिरत असतात. गाव त्यांना पंखे म्हणतं. पंखा माशा हाकलतो तसा हा ढग हाकलतो, असं गावाचं म्हणणं.

हे बोलणारा मी पहिला नव्हे, पण मोठ्यानं बोललो मीच. मराठी शाळेच्या पटांगणात कंपनीनं मांडव घालून सभा घेतली, त्या दिवशी. साहेबांनी कन्नडमध्ये वाचून दाखवलं, मग तू मराठीत सांगितलंस. कोळशाच्या धुरानं साऱ्या जगाचं हवामान बिघडलं आहे, पाऊस वेळ सोडून पडायला लागला आहे, म्हणून हे पंखे. आणि शेवटचा पंखा आमच्या बोराच्या तुकड्यात बसायचा आहे, त्याला जमीनमालकाची संमती हवी. बापाला घरात न विचारता तू मांडवात विचारलंस. मग मीही मांडवातच उत्तर दिलं. दुर्गादेवीच्या दुष्काळात कुणाच्या दारात मोटार उभी होती, असं मी विचारलं. विमानातून हिंडून धुरावर भाषणं देणाऱ्यांनी आमच्या चुलीकडं बोट दाखवू नये, असंही म्हणालो. पाऊस माणसाच्या आवाक्यातला नाही, तो कालही नव्हता आणि आजही नाही. टाळ्या पडल्या. तिथं खाली बसलो असतो तर निभावलं असतं, पण टाळीनं माणूस चढतो. मी म्हणालो, आमचा पाऊस ह्या पंख्यांनी हाकललाय.

तेव्हा तू माईकवरून म्हणालीस, "आप्पा, साऱ्या जगाच्या धुरानं पाऊस बदलत न्हाय म्हणतासा, आणि माळावरच्या चार पंख्यांनी बदलतोय व्हय?"

सगळा मांडव हसला. रवळूसुद्धा हसला, आणि रवळू म्हणजे माझा चड्डीपासूनचा सोबती. त्यानंतर मी तुझ्याबद्दल जे बोललो ते तुला पाठ असेल, इथं परत लिहीत नाही. थोड्याच दिवसांत कंपनीनं तुझी बदली तमिळनाडूच्या टोकाला केली. ती मी केली नाही. मी फक्त गाव एक केलं.

रवळू बरा आहे. माळाला कंपनीची कुंपणं पडल्यावर त्याची मेंढरं कुठं बसवायची हा घोर होता. तू त्याला नव्या रस्त्याखालची उताराची जागा बघून दिलीस, झरा जवळ म्हणून. तिथं त्यानं मेंढवाडा आणि खोपट घातलं आहे. तुझं नाव काढतो. माझ्यासमोर मुद्दाम जास्त काढतो.

बोराचा तुकडा मी देणार नाही. माळावरच्या साऱ्या रानात मुरूम आहे, एवढ्या एका तुकड्यात काळी माती. तिथल्या शेंगा खाऊन तू वाढलीस, त्या बोरीला तुझा झोका होता. पंखा मुरमावरही उभा राहतो. त्याला काळी माती कशाला लागते?

तुझ्या त्या प्रश्नाचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सुचलं की कळवतो.

आप्पा


आर्द्रा, २४ जून

रचना,

पंखे बंद आहेत. इथून, ओसरीवर बसल्या बसल्या दिसतात. सगळे उभे, हात पसरून.

तुला बातमी कळली असेलच, पण कंपनीकडून कळलेली बातमी आणि बापाकडून कळलेली बातमी यांत फरक असतो. गावानं रवळनाथाला गाऱ्हाणं घातलं आणि माळाच्या वाटेवर गाड्या आडव्या लावल्या. तुझ्या जागी आलेला विक्रम म्हणून पोरगा आहे, खानापूरकडचा, तो देवळात आला. बराच वेळ फोनवर बोलला आणि मग कबूल झाला. आर्द्रा नक्षत्र संपेपर्यंत पंखे बंद. तेवढ्यात पाऊस आला तर पंखे दोषी, आणि कंपनी बोराच्या तुकड्याचं नाव काढणार नाही. पाऊस नाही आला तर गाव गप्प बसणार, आणि मी तुकडा देणार.

भर देवळात मी मान डोलावली. देवासमोर मागं कसं सरायचं?

घरी येताना रवळू माझ्या दोन पावलं पुढं चालला. शेवटी त्याच्या वळणावर थांबून म्हणाला, "मष्ण्या, देवाला परीक्षेला बसवू न्हाय." मी म्हणालो, देवाला नाही, कंपनीला बसवलंय. तो म्हणाला, बसलाईस तूच.

तुझी आई दोन दिवस माझ्याशी फक्त भाकरीपुरतं बोलते. लेकीशी बोलायचं सोडून आभाळाशी पैज लावली म्हणते. तिला काय कळतंय, असं लिहिणार होतो, पण ती हे पत्र वाचूनच पाकीट चिकटवते, पत्ताही तीच घालते.

आप्पा


आर्द्रा, २९ जून

रचना,

पडला.

दुपारी वारा थांबला, उकडायला लागलं, आणि राधानगरीकडचा ढग माळापर्यंत आला. सारं गाव रस्त्यात उभं राहून वर बघत होतं. ढग पांगला नाही. पंख्यांच्या डोक्यावरून सरळ पुढं आला आणि गावावर फुटला. मला पोरांनी खांद्यावर घेतलं. या वयात, धोतर एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं गुलाल उधळत मी देवळापर्यंत गेलो. गुलालाचा चिखल झाला होता. तुझी आईही दारात येऊन हसली, ती नाही म्हणेल, पण मी बघितलं.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की व्हय, चार पंख्यांनी बदलतोय. मांडवात हसलेले सगळे आज मला अण्णा अण्णा करत होते. तू पाहिजे होतीस. तुझं तोंड बघायला पाहिजे होतं मला, आणि ते फक्त जिरवायला म्हणून नव्हे.

ये आता. सुट्टी काढ आणि ये. मी चिडवणार नाही. थोडं चिडवीन. बोराच्या तुकड्यात शेंगा उगवून येतील, बघायला तरी ये.

तुझा आप्पा


पुनर्वसू, १६ जुलै

चि. रचनास,

पुनर्वसूला आपल्याकडं तरणा पाऊस म्हणतात. तरणा आहे म्हणून किती माजावं? आर्द्रात सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. असा पाऊस मी बघितलेला नाही, आणि हे वाक्य तू कुणाला दाखवू नकोस. शेंगा जमिनीतच कुजल्या. तंबाखूची रोपं वाफ्यांसकट ओढ्यात गेली. माळावर मी अजून गेलो नाही, वाट घसरडी आहे.

काल सकाळी मनुबाई चार बायका घेऊन ओसरीवर आली. तीच मनुबाई, जिनं मला गुलाल लावला होता. सगळ्यांच्या डोक्यावर पोत्याच्या खोळी, पाणी निथळत होतं.

"अण्णा, तुमचा पाऊस आता आवरा," म्हणाली. "पंखं चालू करायला सांगा जावा."

भीक नको पण कुत्रं आवर, अशातली गत. मला हसू आलं, पण त्यांतली एकही हसत नव्हती. मागं पुरुष उभे होते, तेही हसत नव्हते. मग सारं गाव कंपनीच्या शेडवर गेलं, पाऊस हाकलण्यासाठी पंखे सुरू करा म्हणून सांगायला, आणि पुढं मी. आर्द्रात ज्या वाटेवर गाड्या आडव्या लावल्या होत्या त्याच वाटेनं.

विक्रमनं मला एकट्याला आत घेतलं. पोरगा वाईट नाही. त्यानं चहा दिला आणि सांगितलं, की पंखे आमच्यासाठी बंद केलेच नव्हते. आर्द्राच्या आधीच जमिनीखालची मोठी वायर जळाली होती. सामान यायला वेळ होता, पंखे तसेही उभेच राहणार होते. वरच्या साहेबांनी फोनवर त्याला सांगितलं, म्हणे, बंद आहेतच तर गावाचा मान राखल्यासारखं कर. सामान अजून आलेलं नाही.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला. फांदीखाली मी नाचत होतो.

बाहेर आलो तर सगळे माझ्याकडं बघत होते. मी त्यांना सांगितलं, एक-दोन दिवसांत चालू करतो म्हणालाय. लोक निमूट घरी गेले. तुला हे का लिहितो आहे मला माहीत नाही. गावात कुणाला सांगता येत नाही, आणि तुझी आई आज झोपली आहे.

आप्पा


पुष्य, २७ जुलै

रचना,

फोनवर आईनं तुला सांगितलंच आहे. मी लिहितो, कारण ती रडत सांगत होती आणि तुला धड कळलं नसेल.

पंख्यांसाठी उतार कापून जो रस्ता केला, त्याच्या वरची सगळी बाजू पहाटे खाली आली. रस्ता घेऊन खाली आली. रवळू खोपटात होता. मेंढरांचा आवाज ऐकून बाहेर पडला असता तर वाचला असता, पण तो आवाज ऐकून मेंढवाड्यात गेला असणार, कारण आम्हाला तो तिथं सापडला. त्याचं कुत्रं तेवढं वाचलं. ते आमच्या दारात येऊन बसलं आहे आणि काही खात नाही.

आदल्या दिवशी मी त्याला म्हणालो होतो, खाली आमच्या गोठ्यात ये. तो म्हणाला, पोरीनं बघून दिलेली जागा हाय, काय होत न्हाय.

हे मी लिहायला नको होतं. पण लिहिलं आहे, तर राहू दे.

आप्पा


मघा, २० ऑगस्ट

रचना,

पंचनामा झाला. बेळगावहून साहेब आले होते, बुटाला चिखल लागू नये म्हणून त्यांच्यासाठी फळ्या टाकल्या होत्या. त्यांनी उताराकडं बघितलं, फोटो काढले आणि कागदावर अतिवृष्टी लिहिलं. मी विचारलं, साहेब, रस्त्याचं काय? उतार उभा कापला, दगडाची भिंत घातली नाही, पाण्याला वाट ठेवली नाही, ते कुठं लिहिलंय? साहेब भला माणूस, माझ्या पाठीवर हात ठेवला. "क्लायमेट चेंज आहे हो, अण्णा," म्हणाला. "आता हे असंच चालणार." आणि जीपमध्ये बसला.

आधी सगळं देवाच्या नावावर खपवत होते, आता हवामानाच्या नावावर. तुमच्या त्या हवामान बदलावर माझा विश्वास का बसत नाही, ते तुला कळावं म्हणून हे लिहितो. जो तो त्याच्या मागं लपतो. नाला बुजवला, हवामान. रस्ता कोसळला, हवामान. दोष साऱ्या जगाचा झाला की कुणाचाच राहत नाही.

तू आईजवळ म्हणालीस, की एका रात्रीत एवढा पाऊस पडला की रस्ता नसता तरी डोंगर आला असता. असेल. तू शिकलेली आहेस. पण मी जन्मभर त्या उताराखालून जातोय, तो कधी आला नव्हता. रस्ता झाला आणि आला. आता पाऊस खरा की रस्ता खरा? मला एकच सांग, शिव्या कुणाला घालायच्या. दोघांनाही घालून बघितल्या, काही उपयोग झाला नाही. रवळूची बायको कुणालाच शिव्या देत नाही, तिच्याकडं बघवत नाही.

ती जागा कुणी बघून दिली होती, हे मी विचारत नाही. गावातही कुणी विचारत नाही. तू येऊ शकतेस.

आप्पा


माघ, १२ फेब्रुवारी

चि. रचनास अनेक आशीर्वाद.

खूप दिवसांनी लिहितो. तुझं उत्तर नाही, म्हणून मीही थांबलो होतो. दोघांच्या अंगात रक्त एकच.

पावसानंतर रोपं दुसरीकडून आणून वरच्या अंगाला थोडा तंबाखू केला होता. बरा आला होता. गेल्या आठवड्यात कापून रानात वाळायला अंथरला. परवा रात्री पाऊस पडला. माघात. पान काळं पडलं, हातात घेतलं तर चिखलासारखं होतंय. निपाणीच्या व्यापाऱ्यानं नुसता वास घेतला आणि ठेवून दिलं. पंखे त्या रात्री जोरात फिरत होते. हल्ली पंखे फिरले काय, थांबले काय, वर बघतच नाही कुणी.

एक गोष्ट तुला सांगितली नव्हती. माळाची वाट घसरडी आहे असं जुलैत लिहिलं होतं, ते खरं नव्हतं. मी माळावर गेलो होतो. बोराच्या तुकड्यातली काळी माती त्या तरण्या पावसानं धुऊन नेली. बांध फुटला आणि सगळी खाली गेली. बोरीची मुळं उघडी पडली आहेत. आता तिथंही मुरूमच आहे. पंख्याला आणखी काय पाहिजे?

म्हणून ठरवलं, की तुकडा देऊन टाकायचा. पैज मी जिंकलो होतो, देवळात सगळ्यांसमोर जिंकलो होतो, तरी द्यायचा. खरं कारण माती नव्हे. मला वाटलं, तुकडा दिला म्हणजे शेवटचा पंखा तुझ्या कामात धरला जाईल, कंपनी तुला परत इकडं पाठवील, आणि तू आमच्याच बांधावर उभी राहून माणसांना हुकूम सोडशील. मी तुझ्या आईला म्हणालो, रचनाला कळव, आप्पा तुकडा देतो म्हणतोय. मला वाटलं, ती धावत फोन घेईल.

ती जागची हलली नाही. म्हणाली, "तिनं नोकरी सोडून लई दिवस झालं."

रवळू गेला त्याच आठवड्यात सोडलीस म्हणे. मी इकडं मघा नक्षत्रात तुला रस्त्याचा जाब विचारत होतो, तेव्हा तू कुठल्या तरी शहरात पोरांच्या शिकवण्या घेत होतीस. मी तुझ्या आईला विचारलं, मला का सांगितलं नाहीस. ती म्हणाली, तुम्ही खूश झाला असता, ते मला बघवलं नसतं. मग मी विचारलं, ती काय म्हणाली ते तरी नीट सांग. तुझ्या आईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग तुझे शब्द तिनं जसेच्या तसे सांगितले.

"आता पंख्यांनी बी काय थांबत न्हाय, आई. आप्पास्नी सांग, तुम्ही जिंकलासा."

पोरी, मी जेवलो नाही त्या दिवशी.

मी जन्मभर सगळ्याला नाही म्हणत आलो. देवळाच्या कट्ट्यावर, मांडवात, तुझ्या तोंडावर. काही बदललेलं नाही, काही होत नाही, पाऊस त्याचा तो बघून घेईल. हे म्हणताना मला झोप लागायची, कारण घरात तू होतीस. घरात एकजण काळजी करणारा असला की दुसऱ्याला निर्धास्त राहता येतं. तू म्हणायचीस, बिघडलंय पण काहीतरी करता येईल. मी म्हणायचो, बिघडलेलंच नाही. आता तू म्हणतेस, काही करता येत नाही, आणि मी काळा पडलेला तंबाखू हातात घेऊन बसलो आहे. मग उरलं काय? मला ही जीत नको. परत घे.

तुझं म्हणणं मला पटलं, असं समजू नकोस. त्या साहेबाचं क्लायमेट चेंज मला आजही पटत नाही. पण रात्री वाऱ्यानं पत्रा वाजला की मी उठून बसतो, आणि पूर्वी बसत नव्हतो, एवढं खरं आहे.

तुकडा मी देतो आहे. कंपनीला शब्द गेला आहे, आणि तिथं आता दुसरं काही येणारही नाही. माळावर एवढं एकच पीक असं आहे ज्याला पाऊस लागत नाही आणि पावसानं कुजतही नाही. येत्या सोमवारी बोरीला कुऱ्हाड लागेल. तुझ्या झोक्याच्या दोरीचा वण फांदीवर अजून आहे, मी हात लावून बघितला. रवळूचं कुत्रं माझ्याबरोबर आलं होतं. ते उताराकडं तोंड करून बसलं, हाक मारली तरी उठेना, मग मीही बसलो.

ये, असं आता लिहीत नाही. इथं यावं असं काही राहिलेलं नाही, आणि तुला ते माझ्याआधी कळलं आहे.

मांडवात तू मला विचारलं होतंस, त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. गुलालाच्या दिवशी कळवलं होतं ते खरं धरू नकोस. एकदा फोन उचल आणि तोच प्रश्न मला परत विचार. माईकवरून विचारलास तसाच, हसून. मी काही बोलणार नाही, नुसतं ऐकीन.

तुझा
आप्पा